सरावाचा शिमगा

मार्चमध्ये फिनिक्सला जायचं ठरलं तेव्हा सौ.चं गणित सोपं होतं: वाळवंटात कोण मरायला जातंय, हॉटेलं ओस पडली असतील. भाच्याच्या, फिनिक्सजवळच्या चँडलर गावातल्या घरी त्याचे सासू-सासरे आधीच मुक्काम ठोकून होते, त्यामुळे हॉटेल बघणं भागच होतं. दर वाचून वाटलं, महिन्याचं भाडं दिसतंय. एका रात्रीचं होतं.

"मामा, स्प्रिंग ट्रेनिंग आहे ना सध्या," भाचा म्हणाला. जसं काही पंचांगातच लिहिलेलं असतं!

प्रकरण असं आहे. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये 30 संघ. हंगाम सुरू होण्याआधी त्यातले निम्मे फ्लोरिडात सराव करतात आणि उरलेले 15 अ‍ॅरिझोनाच्या या राजधानीभोवती तळ देतात. मेसा, टेम्पे, स्कॉट्सडेल, पिओरिया, गुडइयर अशी 10 मैदानं, सगळी गाडीच्या टप्प्यात. अ‍ॅरिझोनातल्या या सराव-सामन्यांना कॅक्टस लीग म्हणतात, आणि तिची सुरुवात 1947 सालची. क्लीव्हलंडचे मालक बिल व्हेक यांनी आपला संघ अ‍ॅरिझोनातल्याच टूसॉन शहरात आणला, न्यूयॉर्कचा जायंट्स संघ फिनिक्सला आला. तेव्हा दोनच संघ होते. त्या काळात हॉटेलं स्वस्त असणार.

आणि हे सगळं कशासाठी? सरावासाठी! या सामन्यांचा गुणतक्त्याशी काडीचा संबंध नाही. आमच्या नागपुरात रणजीची खरीखुरी मॅच चालू असली तरी स्टँडमध्ये डुलक्या काढायला हवी तेवढी जागा असते. इथे निकालाला शून्य किंमत असलेल्या खेळासाठी लूप 101 या हायवेवर गाड्यांची रांग, पार्किंगचे वेगळे पैसे, आणि आत स्वतःचा ग्लोव्ह घालून आलेले साठीचे आजोबा. चेंडू आपल्याकडे आला तर असावा म्हणून.

भाच्याला बेसबॉलचा जपानी स्टार ओहतानी बघायचा होता. मैदानात शिरल्यावर कळलं की एकच संघ आज दोन गावांत खेळतोय, अर्धा इथे, अर्धा तिथे. ओहतानी यातल्या कुठल्याही अर्ध्यात नव्हता. जे नावाजलेले होते तेही पाचव्या इनिंगच्या सुमारास (बेसबॉलच्या सामन्यात नऊ इनिंग असतात) बॅग उचलून निघाले, आणि त्यांच्या जागी पाठीवर 80-90 च्या घरातले आकडे लावलेली पोरं आली. त्यांना त्यांच्या आयांशिवाय कुणी ओळखत असेल असं वाटलं नाही.

आमची तिकिटं मैदानापलीकडच्या हिरवळीच्या उतारावरची, म्हणजे चादर अंथरा आणि भाजून निघा. आम्ही 45 अंशांत दुपट्टा बांधून हिंडणारी माणसं, आम्हाला कोण ऊन दाखवणार? पण शिकागोच्या बर्फातून सुटून आलेली मंडळी बिचारी तिसऱ्या इनिंगलाच लालबुंद झाली. घाम सुकून जातो, त्यामुळे आपण भाजतोय हे त्यांना कळतच नाही. वर एकमेकांना सांगत होती, "कोरडी हवा आहे, त्रास होत नाही."

शेजारी एक आजीबाई होत्या. मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. प्रत्येक चेंडूनंतर त्या चौकोनात बारीक खूण करत. फलंदाज बॅट न हलवता तिसऱ्या स्ट्राइकवर, म्हणजे खेळण्याजोगा चेंडू नुसता बघत राहून, बाद झाला की इंग्रजी ‘के’ अक्षर उलटं काढायचं, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं. मी विचारलं, "पण हा सामना तर धरतच नाहीत ना?" त्यांनी चष्म्यावरून अशी नजर टाकली की मला माझे गणिताचे मास्तर आठवले. मग मुकाट्याने शेंगा सोलत बसलो. शेंगा मात्र उत्तम होत्या, खारवलेल्या, टरफलासकट. टरफलं पायाशीच टाकायची इथे रीत आहे; सौ.ला ते बघवेना, तिने पिशवी काढली.

नवव्या इनिंगअखेर दोन्हीकडे सारख्याच धावा. आता रंगत येणार म्हणून मी सावरून बसलो, तर पंच टोपी सारखी करून चालू लागले. बरोबरी! कुणी हरकत घेतली नाही, कुणी शिट्टी वाजवली नाही, लोक चादरी झटकून उठले. "जिंकलं कोण?" असं मी एकटाच विचारत होतो. आजीबाईंनी बेरीज तपासली, वही मिटली आणि उद्या कुठे जायचं ते पाहायला वेळापत्रक उघडलं.

भाचा म्हणाला, "मामा, उद्या पिओरियाला जाऊ या?"

"सावलीतली तिकिटं मिळतील का ते बघ आधी," सौ. म्हणाली.