अठराव्या वर्षी वल्हं हातात घेणाऱ्यांसाठी

आपल्याकडे मुलांचा खेळ सहाव्या वर्षी सुरू होतो आणि दहावीच्या क्लासपाशी संपतो. त्यानंतर कुणी नवीन खेळाचं नाव काढलं की घरचे काळजीत पडतात. पुतण्या यंदा पुण्यात इंजिनिअरिंगला लागला. त्याची उंची बघून सिनियर्सनी त्याला रोइंगला, म्हणजे वल्ह्यांच्या बोटींच्या शर्यतीच्या खेळाला, बोलावलं. झालं, घरात परिषद भरली. "आता या वयात? शाळेत साधा कबड्डीच्या संघात नव्हता हा!"

माझं म्हणणं असं, की ज्याला कबड्डीच्या संघात कधी घेतलं नाही, त्यानेच इथे जावं. क्रिकेटमध्ये बारा वर्षं खेळलेल्या पोरासमोर नवखा उघडा पडतो. रोइंगमध्ये शाळेतून शिकून आलेले आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे पहिल्या दिवशी जवळपास सगळेच सारखे अडाणी असतात.

दत्तू भोकनळ आठवा. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, म्हणजे पाण्याची कायमची टंचाई असलेलं गाव. विहिरी खोदायचं काम केलेला हा माणूस 2012 मध्ये सैन्यात गेला आणि वल्हं हातात धरायला तिथे शिकला. चार वर्षांनी, रिओ ऑलिंपिकमध्ये, सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ही मारायच्या बोटीत, तो तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक. ब्रिटनची हेलन ग्लोव्हर तर 2008 मध्ये पहिल्यांदा बोटीत बसली, विशी ओलांडल्यावर, आणि 2012 मध्ये ऑलिंपिक विजेती झाली. या दोघांइतकं सगळ्यांना जमेल असं नाही, पण "वय गेलं" हे कारण या खेळात चालत नाही एवढं नक्की.

कारण या खेळात लागणारी हालचाल मुळात कुणाच्याच अंगात नसते. लोकांना वाटतं दंडात ताकद हवी. बोटीत पाय पुढच्या फळीवरच्या बुटांत अडकवलेले, खालची सीट रुळावर पुढेमागे सरकणारी, आणि तोंड मागे. जायचं तिकडे पाठ! जोर निघतो मांड्यांतून. पाय सरळ होतात, मग पाठ मागे जाते, हात सगळ्यात शेवटी. नवखा नेमका उलटं करतो, आधी हातांनी ओढतो आणि पंधरा मिनिटांत गळून जातो. जिमवाल्या मुलांना तर हे सोडवता सोडवत नाही.

त्याहून अवघड म्हणजे परत पुढे सरकणं. आपली सवय घाईची. पण वल्हं पाण्याबाहेर असताना बोट स्वतःच्या वेगाने धावत असते, आणि तुम्ही धाडकन पुढे आलात की तिला ब्रेक लागतो. म्हणून ओढताना जोर आणि येताना सावकाश. एकाने जरी हात थोडा खाली-वर केला तर अख्खी बोट एका बाजूला कलते. वल्ह्याचं पातं तिरकं पाण्यात घुसलं तर मूठ सरळ पोटात येऊन बसते. याला क्रॅब म्हणतात, आणि तो प्रत्येकाला भेटतो.

मी कॉलेजात फोरमध्ये बसायचो. चौघांच्या त्या बोटीत कुणी हिरो होऊ शकत नाही, हे मला फार आवडायचं. पुढच्याची पाठ बघायची आणि तो जे करतो ते त्याच क्षणी करायचं. मात्र एक जण झोपून राहिला तर उरलेल्या तिघांची सकाळ वाया. पहाटेचा गजर बंद करून कूस बदलणाऱ्याने इथे येऊ नये. क्रीडा प्रमाणपत्रासाठी तर मुळीच येऊ नये, त्याला सोपे मार्ग आहेत.

आता नदीबद्दल. मुळा-मुठेच्या संगमाजवळचा सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, बोट क्लब आणि त्यांची 1928 पासूनची रेगाटा, म्हणजे बोटींचा सोहळा, पुणेकरांना ठाऊक आहे. त्या पाण्याची अवस्थाही ठाऊक आहे. जलपर्णी, फेस, उन्हाळ्यात तो वास. पालकांची ही तक्रार रास्त आहे, मी ती उडवून लावणार नाही. अंगावर जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात जाऊ नये, आणि परतल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नये. पण शहराने ज्या नदीकडे पाठ फिरवली, तिच्याकडे रोज सकाळी जाणारी तरुण मुलं उरली आहेत ती हीच. सांडपाणी कुठून येतं, जलपर्णी कधी वाढते हे त्यांना पालिकेइतकंच कळतं. त्यांना कुणी विचारत नाही, हा भाग वेगळा.

पुतण्याला नीट पोहता येत नाही. तिथे मात्र मी वहिनींच्या बाजूने आहे. आधी टिळक तलावावर जाऊन पोहणं पक्कं करायचं, तोवर अर्गोवर, म्हणजे जमिनीवरच्या रोइंग मशीनवर, घाम गाळायचा, बोट नंतर. आणि नखं कापून जा रे बाबा. स्कलिंगमध्ये दोन्ही मुठी एकमेकींवरून जातात, पहिल्या आठवड्यात बोटांची सालटी निघतात.

सीजीपीएचं, म्हणजे मार्कांचं काय, असं विचारणाऱ्या काकांसाठी: पहाटे बोटीवर जायचं म्हणून रात्री दहाला झोपणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी तुम्ही शेवटचा कधी पाहिला होता?