इम्युनिटीचं किट

आज दुपारी आत्या आली आणि माझ्या हातात पिशवी ठेवली. आत इम्युनिटीचं किट. व्हिटॅमिन सी, डी, झिंक, सेलेनियम, पाच डबे, ४,२०० रुपये. "पोर सारखी सर्दीनं बेजार असते गं, दे तिला रोज." माझं डोकंच फिरलं. तिला वाट्टेल ते बोलले. ती चहा न घेताच गेली.

पण बाबांचं सगळं डोळ्यांनी बघितलेली बाई ही! तिनं असं करावं?

२०२१ ची दुसरी लाट. कुणीतरी बाबांना सांगितलं, डी वाढवा, कोरोना जवळ फिरकणार नाही. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय साठ हजार युनिटच्या कॅप्सूल दिल्या. ही कॅप्सूल आठवड्यातून एकदा घ्यायची, तीही डी कमी निघालं तर, आणि तीही ठरावीक आठवडेच. बाबा रोज एक घेत होते. बँकेत ३४ वर्षं काढलेला शिस्तीचा माणूस. गोळी घेतली की कालनिर्णयवर पेन्सिलीनं टिक. जून, जुलै, ऑगस्ट. एक दिवस चुकला नाही.

तहान तहान व्हायची. रात्री चार-पाचदा उठायचे. पोट साफ नाही, ताट समोर आलं की मळमळ. आम्ही म्हणालो, वय झालं. मग एका सकाळी त्यांनी मला आत्याच्या नावानं हाक मारली.

रक्तातलं कॅल्शियम १३.८ निघालं. साडेदहाच्या आत हवं. सी जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. डीचं तसं नाही, ते चरबीत साठतं आणि कॅल्शियम वाढवत राहतं. डॉक्टरांनी विचारलं, रोज काय काय घेता? आम्ही बीपीची गोळी सांगितली. डीची सांगितलीच नाही, ते औषध आहे असं आम्हाला वाटतच नव्हतं! दुसऱ्या दिवशी आईनं भिंतीवरचं कालनिर्णय काढून दवाखान्यात आणलं, तेव्हा उलगडा झाला. सात दिवस सलाइन. किडनीवरचा ताण उतरायला पुढे कितीतरी महिने गेले.

आणि या डब्यांवर बारीक अक्षरात छापलंय, औषधी वापरासाठी नाही. छापावंच लागतं, नियम आहे. पुढच्या बाजूला मात्र भली मोठी ढाल! झिंक ५० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला १३ ते १७ पुरतं. महिनोन्महिने जास्त गेलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, त्यानं रक्तही कमी होतं. आणि हे सहा वर्षांच्या पोरीला द्यायचं? शाळेत जाणाऱ्या पोरांना वर्षातून सहा-आठदा सर्दी होतेच. नाक गळतंय म्हणजे तिचं शरीर लढतंय.

हो, आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असतं. मलाही गोळी आहे. पण तपासून, डॉक्टरांनी लिहून दिलेली. बाकी आवळा, पेरू, मोड आलेली मटकी, तीळ, नाचणी हे सगळं आत्यानंच मला खाऊ घातलंय. लहानपणी आजारी पडले की ती आवळा किसून साखर घालून वाटीत द्यायची. तिच्या हातच्या त्या वाटीवर माझा अजून विश्वास आहे.

राग तिच्यावर नाहीच. पेन्शनमधून ४,२०० काढले तिनं माझ्या लेकीसाठी. तिला कुणी भीती घातली, ते मला बघायचंय.

संध्याकाळी तिचा फोन आला होता, मी उचलला नाही. आता करते.