घटपर्णी उपाशी नाहीये, तिला मटण घालू नका

कुंडी बदलल्यावर घटपर्णी या किडे खाणाऱ्या झाडाचे पिचर, म्हणजे पानांच्या टोकाला लटकणारे, किडे पकडणारे घट, वाळले की झाड उपाशी आहे, असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. उपाय काय तर पिचरमध्ये मटण आणि दूध घाला, मातीत गांडूळखत आणि डीएपी हे रासायनिक खत टाका, पिचर वाळलेली पानं छाटा, कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवा, वर प्लास्टिकची पिशवी घाला. परवा मावशीने तोच मला पाठवला आणि खाली विचारलं, "खिमा चालेल का गं?"

नाही चालणार! अहो, घटपर्णीची मुळं काळी, बारीक, हात लागला तरी तुटणारी असतात, कुंडी बदलताना थोडी दुखावतातच, वरून नव्या जागी हवा कोरडी, मग झाडाला पाणी पुरत नाही आणि ते आधी पिचर सोडून देतं. भुकेचा संबंध कुठे आला? अन्न हिरवं पान उन्हावर बनवतंच, किड्यांकडून मुख्यतः नायट्रोजन-फॉस्फरस मिळतं.

आता कुणीतरी म्हणेलच की घटपर्णी मांस पचवते हे शास्त्रज्ञांनीच दाखवलंय. हो, दाखवलंय. जोसेफ हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1874 साली बेलफास्टला ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या सभेत हेच प्रयोग सांगितले, अंड्याचा पांढरा भाग, कच्चं मांस, कूर्चा (म्हणजे कुरकुरीत मऊ हाड) असं काय काय पिचरमध्ये घातलं होतं. पण पुढचं कुणी वाचत नाही. पिचरमधला रस काढून काचेच्या नळीत घेतला तर त्यात फारसं काही पचलं नाही. थंड खोलीतल्या झाडाच्या पिचरमध्ये कूर्चा सहा दिवस जशीच्या तशी राहिली, तीच उबदार काचघरातल्या दुसऱ्या घटपर्णीच्या पिचरमध्ये टाकल्यावर लगेच विरघळायला लागली. म्हणजे पचवायला पिचर जिवंत आणि जोमात लागतो. कडेने तपकिरी पडत चाललेल्या पिचरमध्ये खिमा टाकलात तर तो नुसता सडणार, घरभर वास, माश्या, आणि असलेला पिचरही जाणार. दुधाचं तर बोलूच नका.

डीएपी त्याहून वाईट, कारण मटणाने पिचर जातो, डीएपीने अख्खं झाड. कासच्या पठारावर सीतेची आसवं आणि दवबिंदू ही किडे खाणारी दुसरी झाडं कुठे उगवतात बघा, जांभ्यावरच्या पातळ, निकस मातीत. घटपर्णीचंही तेच, तिची मुळं खताच्या क्षारांनी जळतात. बोअरचं पाणीही त्याच कारणासाठी नको, पावसाचं किंवा आरओचं घाला, आणि कोकोपीट वापरलं असेल तर ते आधी नीट धुतलेलं हवं.

पानं छाटायची तर अजिबात नाहीत, पिचर वाळला तरी पान हिरवं असेल तर झाड त्याच्यावरच जगतंय. वाळलेला पिचर तेवढा कापा. पाण्याची थाळी व्हीनस फ्लायट्रॅप या दुसऱ्या किडेखाऊ झाडाला चालते, घटपर्णीची मुळं त्यात कुजतात, हिला नुसता ओलावा हवा, कुंडीतलं मॉस (शेवाळ) हाताला ओलसर लागलं की पुरे.

पिशवीचं मात्र, मान्य करायलाच हवं, बरोबर आहे. दमट हवेत पानांतून पाणी कमी उडतं आणि मुळांना सावरायला वेळ मिळतो. पण मेसेजमध्ये कुठेही लिहिलेलं नाही की पिशवी घातलेली कुंडी थेट उन्हात ठेवली तर आतलं झाड शिजतं. उजेड हवा, दुपारचं ऊन नको. पिशवीला भोकं पाडा, नवीन पान यायला लागलं की थोडी थोडी उघडत न्या, एकदम काढू नका. आणि मुळं धरली का हे बघायला झाड उपटू नका, मधला शेंडा हिरवा आहे का तेवढं बघा. पहिली एक-दोन पानं पिचरशिवाय येऊ शकतात, तेव्हाही काही घालायचं नाही.