राणा प्लाझाला अपघात म्हणू नका

‘स्वस्त कपडे बिनधास्त घ्या, उगाच अपराधी वाटून घेऊ नका’ असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. परवा मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात चार मुद्दे आहेत.

‘राणा प्लाझा हा अपघात होता, असं कुठेही होतं.’ काहीही! बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर गावात राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. भिंतींना भेगा आदल्या दिवशीच पडल्या होत्या. त्या पाहून खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र पगार कापायची धमकी देऊन दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. सकाळी वीज गेली, बेकायदा चढवलेल्या मजल्यांवरचे जनरेटर धडधडू लागले आणि नऊच्या आत सगळं जमीनदोस्त. १,१३४ जीव गेले. बँकवाल्यांना घरी बसवलं आणि शिलाई मशीनवरच्या बायकांना आत ढकललं, हा कुठला अपघात? आणि ही घाई कुणाची? शिपमेंट चुकली की माल विमानाने पाठवायचं भाडं कारखानदाराच्या बोकांडी बसतं, हे ऑर्डर देणाऱ्या ब्रँडना चांगलं ठाऊक असतं.

‘मोठ्या कंपन्या तपासणी करूनच माल घेतात.’ कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारांची सुरक्षा आणि हक्क तपासून दिलं जाणारं प्रमाणपत्र मिळालं आणि काही आठवड्यांतच, सप्टेंबर २०१२ मध्ये, तिथे अडीचशेहून जास्त कामगार जळून मेले. आग मुद्दाम लावली होती, असं पुढे कोर्टात ठरलं. मान्य. पण खिडक्यांना गज आणि दारांना कुलपं होती, ती तपासणाऱ्यांना दिसली नाहीत?

‘मजुरी वाढली की कपडे दुप्पट महागतील.’ का बुवा? किमतीत कापड, वाहतूक, दुकानाचं भाडं, जाहिराती, नफा सगळंच येतं. सेलमध्ये निम्म्या किमतीत विकायला जमतंच की यांना.

‘हे काम नसतं तर त्या बायका उपाशी राहिल्या असत्या.’ यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. लाखो बायकांच्या हातात स्वतःचा पैसा आला तो याच धंद्यामुळे. पण राणा प्लाझानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये बांगलादेश अकॉर्ड हा कारखान्यांच्या सुरक्षेचा करार झाला. तो कायद्याने बंधनकारक होता, सुमारे सोळाशे कारखाने त्याखाली आले आणि इंजिनिअरांनी सांगितलेली दुरुस्ती करणं भाग पडलं. त्याच वर्षी तिथल्या कपडे कामगारांचा महिन्याचा किमान पगार ३,००० टाकांवरून (टाका म्हणजे तिथलं चलन) ५,३०० झाला. ऑर्डरी पळाल्या का? पुढच्या वर्षांत तिथली निर्यात वाढली.