तुरुंगातला पंखा बंद करा, चोऱ्या थांबतील

गुन्हेगारी मुळापासून उपटायची असेल, तर तपास, पंचनामा, साक्षीदार, कोर्ट या भानगडींच्या नादी लागू नका. त्यात वेळ फार जातो. थेट तुरुंगाच्या भटारखान्यात शिरा. कैद्यांना आमटी मिळते का? डाळ हाताला लागते का? बराकीत पंखा फिरतो का? फिरत असेल, तर मिरजेपासून जतपर्यंत चोऱ्या का होतात ते तुम्हाला कळलंच. सांगलीत संध्याकाळी भडंगाची पुडी मध्ये ठेवून बसलेल्या कुठल्याही मंडळींना विचारा. ‘आत नुसती ऐश असते,’ असं ते छातीठोकपणे सांगतील. त्यांच्यापैकी आत कुणीच गेलेलं नसतं, त्यामुळे मत अगदी ठाम असतं.

बरं, पंखा बंद केलात, आमटी पातळ केलीत. आता परिणाम बघा. रात्री दोनचा सुमार. तासगावकडच्या एका रानात विहिरीवरच्या मोटारीची केबल कापायला एक पोरगा बसलाय. मोबाईल दातांत धरलाय, टॉर्चचा उजेड पक्कडीवर. थ्री फेजची लाईट यायच्या आत उरकायचं, वरचं प्लास्टिक जाळून तांबं मोकळं करायचं आणि उजाडायच्या आत भंगारवाल्याच्या काट्यावर घालायचं, एवढंच त्याचं नियोजन. तुमच्या म्हणण्यानुसार या क्षणी तो थबकतो आणि स्वतःशी म्हणतो, ‘कळंबा जेलात आमटी पातळ झालीय म्हणे, राहू दे, घरी जाऊन झोपतो.’ माझ्या मते तो फक्त वस्तीवरचं कुत्रं भुंकतंय का, तेवढं ऐकतो. पण माझं मनावर घेऊ नका.

नुसत्या आमटीनं भागलं नाही, तर शिक्षा वाढवा. तीन वर्षांची सात करा, सातची जन्मठेप करा, आणि वर ‘भर चौकात फाशी द्या’ हे आपलं ठेवणीतलं वाक्य आहेच. हा प्रयोग इंग्रजांनी अठराव्या शतकात स्वतःच्या देशात करून पाहिला होता. दोनशेहून जास्त गुन्ह्यांना फाशी, त्यात चोऱ्यामाऱ्याही आल्या. फाशी सगळ्यांदेखत, बघायला जत्रेसारखी गर्दी, आणि त्या गर्दीत खिसेकापूंचा हंगाम. त्याच काळात, 1764 साली, इटलीतला बेकारिया नावाचा एक गृहस्थ लिहून गेला की वचक बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, ती चुकणार नाही या खात्रीने. परदेशी माणूस, त्याला आपल्याकडचं काय कळणार? आपल्याकडचं बघायचं तर सांगलीत विश्रामबागच्या चौकाअलीकडे उभे राहा. हेल्मेट कोपराला अडकवून आलेला इसम पुढे हवालदार दिसला की ते डोक्यात घालतो आणि चौक संपताच पुन्हा कोपराला लावतो. हवालदार जागेवर नसेल तर हात वरही जात नाही. दंड किती आहे, असं त्याला विचारून बघा.

आता आत नेमकं कोण असतं, याची चौकशी मात्र करू नका, उत्साह मावळतो. सरकारी आकडेवारीनुसार 2022 अखेर देशातल्या तुरुंगांची क्षमता होती 4,36,266. आत होते 5,73,220, आणि त्यातले 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे खटला निकालात न निघालेल्या लोकांनीच सगळ्या जागा जवळजवळ भरल्या. शिक्षा झालेले पक्के कैदी जादाचे, दाटीवाटीत ॲडजस्ट केलेले! तुमची पातळ आमटी आधी कुणाच्या ताटात पडणार, ते लक्षात आलं असेलच. केबलवाला पोरगा सापडलाच, तर तो यांच्यातच असतो. कारण जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो, आणि त्याच्यासाठी सातबारा घेऊन कोर्टात उभं राहणारं कुणी नसतं. तारीख पडते, पुन्हा तारीख पडते. तोवर शेजारच्या अंथरुणावरचा जुना जाणता त्याला केबलच्या पुढचं शिकवतो.

म्हणून गुन्हा करायचाच झाला तर केबलवर थांबू नका. द्राक्षांचे व्यापारी व्हा. हंगामात बागायतदाराच्या बांधावर जा, काका-मामा म्हणा, पहिल्या गाडीचे पैसे रोख मोजा, मग चार गाड्या उधारीवर भरा आणि फोन बंद करून टाका. पुढे अटक झालीच, तर तुमच्याकडे वकीलही असेल आणि जामीनदारही.

राहिली भिंत. ती उंच करा, पण सांगलीत या विषयावर बोलताना जरा जपून. 24 जुलै 1943 रोजी वसंतदादा पाटील इथल्याच तुरुंगातून साथीदारांसह तटावरून उड्या टाकून निसटले. खांद्यात गोळी लागली, पुन्हा पकडले गेले, आणि 1977 साली मुख्यमंत्री झाले. ते गुन्हेगार नव्हते, स्वातंत्र्यसैनिक होते, हे मान्य. पण तटाला तो फरक कुठे कळतो? त्याहून अडचणीचं गाव आटपाडीजवळ आहे. औंधच्या राजांनी स्वतःच्या संस्थानात स्वतंत्रपूर वसवलं, तिथं शिक्षा झालेले कैदी बायकापोरांसह राहतात आणि शेती करतात. पळायचं म्हटलं तर चढायला भिंतच नाही. तुरुंग कडक करा म्हणून सरकारला जे निवेदन द्याल, त्यात या गावाचा उल्लेख टाळा.

निवेदन मात्र जरूर द्या. फोटो काढा, ग्रुपवर टाका. आणि शेजारच्या रानात केबल तुटल्याचा आवाज रात्री तुम्ही ऐकला असेल, पोरगंही ओळखीचं वाटलं असेल, तर सकाळी तोंड उघडू नका. पोलीस जबाब घेतात, आणि चार वर्षांनी ऐन छाटणीच्या दिवसांत साक्षीचं समन्स येतं.