चावऱ्या पक्ष्याच्या चोचीवर टिचकी मारण्याआधी

‘चावऱ्या पोपटाला आठ दिवसांत वठणीवर आणा’ हा मेसेज या महिन्यात मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. त्यात पाच उपाय आहेत: चोचीवर टिचकी मारा, चावला तरी हात मागे घेऊ नका, पिंजऱ्यावर काळं कापड टाका, पंख छाटा, मिरची बंद करा. यातले पहिले दोन मी स्वतः करून बसले आहे. त्याचा त्रास आमच्या पिंट्याला झाला, म्हणून हे लिहिते आहे.

पिंट्या कॉकाटील आहे. दुकानात ज्याला सगळे ‘कॉकटेल’ म्हणतात तो. मूळचा ऑस्ट्रेलियातला पक्षी, वजन जेमतेम 90 ग्रॅम.

आधी टिचकी. चोचीचं वरचं कवच आपल्या नखासारखं असलं, तरी आत हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत, आणि पोपटाच्या कुळातल्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी तर स्पर्श कळणाऱ्या नसांची दाटी असते. त्याच टोकानं तो बी सोलतो, पिल्लाला भरवतो, जोडीदाराची मान खाजवतो. तिथं टिचकी बसली की ‘चावू नये’ हे त्याला कळत नाही. ‘हात आला की दुखतं’ एवढंच पक्कं कळतं. मी दोनदाच टिचकी मारली होती. त्याआधी पिंट्या आपणहून खांद्यावर येऊन माझ्या चष्म्याच्या दांडीशी खेळायचा. तिसऱ्या दिवशी मी पिंजऱ्याच्या दाराला हात लावला, तर तो मागच्या कोपऱ्यात अंग चोरून फिस्कारत उभा. पुन्हा खांद्यावर यायला त्यानं चार महिने घेतले.

‘हात मागे घेतलात तर तो स्वतःला घरचा मालक समजेल.’ यात थोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच ते लोकांना पटतं. चावल्याबरोबर हात झटकन मागे गेला, तर चावल्यानं काम होतं हे पक्षी शिकतो, हे खरं. पण म्हणून चावे सोसत बसायचं का? मालकीचा तर इथे प्रश्नच नाही. चावणारा पक्षी बहुतेक वेळा घाबरलेला असतो, किंवा त्याला त्या क्षणी नको असतं. आणि तसं तो आधी सांगतोही.

कॉकाटीलचा तुरा बघा. निवांत असला की तो जरा मागे कललेला असतो, दचकला की ताठ उभा राहतो. तुरा डोक्याला चप्प बसला, मान खाली घालून पुढे आली, चोच उघडली, फिस्स असा आवाज आला, की समजायचं, नको म्हणतोय. मोठ्या पोपटांमध्ये डोळ्याची बाहुली भराभर लहानमोठी होते, शेपटी पंख्यासारखी पसरते. हे दिसलं तेव्हाच हात शांतपणे थांबवला, तर चावायची वेळच येत नाही. आपण मात्र तुरा बघत नाही, फिस्कारणं ऐकत नाही, हात पुढे रेटतो. असं दहा वेळा झालं की फिस्कारून उपयोग नाही हे त्याला कळतं आणि तो थेट चावायला लागतो. ‘काही कारण नसताना चावतो’ अशी तक्रार जिथे जिथे ऐकली, तिथे मला बहुतेकदा हेच दिसलं.

शिवाय चोच लागली म्हणजे चावलाच असंही नाही. बोटावर चढण्याआधी पक्षी चोचीनं बोट धरून बघतो, फांदी पक्की आहे ना हे तपासावं तसं. तेवढ्यात आपण दचकून हात हलवला, की पुढच्या वेळी तो जास्त घट्ट धरतो.

काळ्या कापडाबद्दल फार लिहायला नको. रात्री दहा-बारा तास शांत अंधार त्याला हवाच, पण शिक्षा म्हणून भर दिवसा अंधार केला तर त्याचा चावण्याशी संबंध तो जोडू शकत नाही. कॉकाटील तर अंधारात घाबरून पिंजऱ्यात धडपडतात, कोवळी पिसं तुटून रक्त येतं.

पंख छाटणं हा उपाय उलटा आहे. नकोसं काही जवळ आलं की उडून जाणं हा पक्ष्याचा पहिला मार्ग. तोच बंद केला, तर उरते फक्त चोच.

मिरचीनं पोपट तिखट होतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण मिरचीतला जो घटक आपल्या जिभेला जाळतो, तो पक्ष्यांना जाणवतच नाही. रानमिरचीचं बी पक्ष्यांमार्फतच पसरतं.

मेसेजसोबत फोटो आहे तो आपल्या हिरव्या, कंठवाल्या पोपटाचा. तो पोपट पाळणंच 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हेही पुढे पाठवणाऱ्यांना कळायला हवं.

आणि जे सांगायला हवं होतं त्याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. कधीही न चावणारा पक्षी अचानक चावायला लागला, तर आधी पक्ष्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे न्या. पक्षी आजार लपवतात, दुखणं असं बाहेर पडतं. विणीच्या दिवसांत पाठीवरून हात फिरवू नका, अंधारे खोके, कपाटाचे कोपरे बंद ठेवा. पिंजऱ्यातली वाटी बदलताना चावत असेल तर आधी त्याला बाहेर बोलवा, मग हात आत घाला. आणि चावलाच, तर न ओरडता, न झटकता त्याला जवळच्या खुर्चीच्या पाठीवर उतरवा. जखम साबणपाण्यानं धुवा.

पिंट्याच्या बाबतीत मी राळ्याचं कणीस वापरलं. पिंजऱ्यापासून हातभर लांब, जिथवर त्याचा तुरा बसत नव्हता, तिथंच कणीस धरून थांबायचं. रोज पाच मिनिटं. तुरा बसला की एक पाऊल मागे. पंधराव्या दिवशी त्यानं मान लांब करून एक दाणा काढून घेतला आणि लगेच मागे सरकला. मी हात हलवला नाही. मग दुसरा दाणा.

सध्या त्याची पिसं झडताहेत. मानेवर नव्या पिसांचे काटे आलेत, हात लागला की दुखतं. काल संध्याकाळी मी मान खाजवायला बोट नेलं, तर तुरा चप्प बसला. मी बोट खाली घेतलं. पाच मिनिटांनी तो स्वतःच मनगटावर येऊन बसला.