‘सगळं चालेल’ असं आमचाच माणूस म्हणाला होता

नमस्कार.

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आम्ही तुमच्या मोटरहोमवर ४०० वॅटचं सोलर बसवलं, ते २६०च्या वर कधी गेलंच नाही. दुसऱ्या रात्री अकराच्या सुमारास फ्रिज बंद पडला, आतलं सगळं टाकून द्यावं लागलं. मायक्रोवेव्ह लावला की इन्व्हर्टर (बॅटरीची १२ व्होल्टची वीज घरच्या विजेसारखी करून देणारा डबा) कोकलतो. एसीचं नावच नको. बॅटरी वापरलेली गळ्यात मारली, ही फसवणूक आहे, पूर्ण पैसे परत करा.

उत्तराला उशीर झाला, कारण गाडी उघडून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं. आता बघून झालंय.

आधी इन्व्हर्टरच्या कोकलण्याबद्दल. तुम्ही त्यावर एकच ओळ लिहिलीत, पण माझी झोप उडाली ती त्याच ओळीने. बॅटरीपासून इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या जाड केबलच्या एका लगचा (केबलच्या टोकाला असते त्या धातूच्या कडीचा) बोल्ट सैल होता आणि लगभोवतीचं आवरण काळवंडलं होतं. मायक्रोवेव्हवर ८०० वॅट लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणारी ताकद. तो स्वतः साधारण १२०० वॅट खातो, आणि इन्व्हर्टरची घट धरली तर बॅटरीतून १३५० वॅट निघतात. बॅटरीच्या १२.८ व्होल्टवर म्हणजे १०५ अँपिअर. एवढ्या करंटला सैल सांध्यात नुसता १० मिलीओहम अडथळा असला तरी १ व्होल्ट तिथेच गळतो आणि त्या नखाएवढ्या जागेत १०० वॅटहून जास्त उष्णता तयार होते. इन्व्हर्टरला व्होल्टेज कमी दिसलं म्हणून तो ओरडत होता, आणि ओरडला ते बरंच झालं. आग लागू शकली असती. बोल्ट आम्ही आवळला होता, पण टॉर्क पान्याने मोजून नाही, हाताच्या अंदाजाने. गाडी हजारो धक्के खाणार हे माहीत असताना असा अंदाज चालत नाही. चूक पूर्ण आमची. लग आणि केबल दोन्ही नवीन घातलीत.

आता २६० वॅट. पॅनेलवरचा ४००चा आकडा ज्या परिस्थितीत मोजतात ती छतावर जवळजवळ कधीच नसते: चौरस मीटरला १००० वॅट ऊन, आणि पॅनेलच्या आतल्या सेलचं, म्हणजे वीज बनवणाऱ्या छोट्या चौकोनांचं, तापमान २५ अंश. कडक उन्हात छतावर आडवं पडलेलं पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतं. प्रत्येक जादा अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली, तर ४० अंशांना १४ टक्के गेले. राहिले ३४४. सपाट बसवल्यामुळे ऊन तिरपं पडतं आणि वर धूळ असते, त्याचे आणखी दहाएक टक्के. म्हणजे ३१०च्या आसपास. इथपर्यंत कोणाचा दोष नाही, हे आधी सांगितलं नाही एवढा मात्र आहे.

पण तुम्हाला ३१० नाही, २६० दिसत होते. मधले ५० कुठे गेले ते छतावर चढल्यावर कळलं. हवेसाठीचा पंखा आहे ना, त्याच्या उघड्या झाकणाची सावली दुपारी उजव्या पॅनेलच्या कोपऱ्यावर पडते. सावली तळहाताएवढी, पण सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक सेल झाकला गेला की बायपास डायोड, म्हणजे विजेला वळसा देणारा भाग, त्या पट्ट्यातले सगळे सेल बाजूला काढतो, म्हणजे त्या पॅनेलचा एक-तृतीयांश भागच गेला. बसवताना झाकण बंद होतं आणि आमच्या पोरांनी ते उघडून बघितलं नाही. पॅनेल आता मागे सरकवलंय.

बॅटरीबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य नाही. ती पूर्ण भरून तिच्यावर १० अँपिअरचा भार ठेवला. २० तास टिकली. २०० अँपिअर-तासांची बॅटरी तेवढीच टिकायला हवी. बॅटरी नवीच आहे आणि ठणठणीत आहे.

मग फ्रिज का बंद पडला? आड धड होता, पण त्यात येणारं पाणी थोडं आणि उपसा जास्त.

पॅनेलमधून बॅटरी भरणं सांभाळतो त्या कंट्रोलरमध्ये रोजची नोंद राहते. तुमच्या त्या दोन दिवसांत सोलरने दिवसाला ७०० वॅट-तासांच्या आसपास दिलेत. स्वच्छ उन्हात १४०० मिळायला हवे होते. तुम्ही फोनवर म्हणालात की आत तापू नये म्हणून गाडी झाडाखाली लावली होती. मीही तेच केलं असतं. पण ज्या सावलीत माणूस सुखावतो तिथे पॅनेल उपाशी राहतं, हे आम्ही सांगायला हवं होतं.

खर्चाची बाजू अशी. फ्रिज दिवसाला ६०० वॅट-तास, दिवे, पंखा, फोन, लॅपटॉप मिळून ३००. मायक्रोवेव्ह पंधरा मिनिटं, ३४०. केटलमध्ये तीन लिटर पाणी उकळलंत त्याचे ३७५. आणि नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर, ज्याला काहीही जोडलेलं नाही, तो २५ वॅट पीत राहतो; चोवीस तासांत तेही ६००. म्हणजे दुसरा फ्रिजच! एकूण २२०० वॅट-तासांच्या वर. भरलेल्या बॅटरीत अडीच युनिट (एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास), रोजची आवक पाऊण युनिटही नाही. दुसऱ्या रात्री अकरा वाजता ती संपणारच होती, घड्याळ लावल्यासारखी.

गंमत अशी की तुमचा फ्रिज थेट १२ व्होल्टवर चालतो, त्याला इन्व्हर्टर लागतच नाही. पहिल्या दिवसापासून गरज नसताना इन्व्हर्टर बंद ठेवला असता तर फ्रिज ती रात्र काढून गेला असता. पण बंद करणार कसा? बटण आम्ही पलंगाखालच्या कप्प्यात, पाण्याच्या टाकीमागे बसवलं होतं. वायर तिथे कमी लागते म्हणून. आता दाराजवळ रिमोट स्विच लावलाय, त्यावर लाल दिवा आहे.

एसीचं सरळ सांगतो. तुमच्या छतावरचा एसी बॅटरीतून १३५० वॅटच्या आसपास ओढतो. भरलेली बॅटरी दोन तासांतच बसेल. कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो असं धरलं तरी आठ तासांच्या झोपेला ६००० वॅट-तासांहून जास्त लागतील, आणि दुसऱ्या दिवशी तेवढे परत भरायला पुरतील इतकी पॅनेल तुमच्या छतावर मावणार नाहीत. एसी हवा असेल तिथे बाहेरची वीज जोडूनच मुक्काम करा. आमचा माणूस ‘सगळं चालेल’ म्हणाला तेव्हा तो खोटं बोलत नव्हता, सगळं चालतंच. किती वेळ चालतं हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही त्याला ते सांगायला शिकवलं नव्हतं. तुम्ही याला फसवणूक म्हणता. मी निष्काळजीपणा म्हणेन. पण बंद फ्रिजसमोर रात्री अकराला उभं राहून हा फरक कोण करत बसेल?

पूर्ण पैसे परत देणार नाही, कारण पॅनेल, कंट्रोलर आणि बॅटरी चोख आहेत आणि तुमच्याच गाडीत राहणार आहेत. बसवण्याची मजुरी मात्र संपूर्ण परत करतोय आणि फ्रिजमधलं जे टाकलंत त्याची भरपाईही. आताच्या दुरुस्तीचं काही घेणार नाही.

एक गोष्ट पहिल्याच भेटीत सुचवायला हवी होती. गाडीच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिन चालू असताना वीज बनवणाऱ्या यंत्रावरून, बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर मिळतो. दोन तास गाडी चालली की साधारण ८०० वॅट-तास, म्हणजे तुमच्या झाडाखालच्या अख्ख्या दिवसापेक्षा जास्त. घ्याच असा आग्रह नाही. रोज गाडी हलवणार असाल तर उपयोग, एका जागी आठवडा काढणार असाल तर नाही.

गाडी तयार आहे. न्यायला याल तेव्हा घरातल्या सगळ्यांना घेऊन या, यावेळी अर्धा तास बसून एकेक बटण दाखवतो. आणि केटल व मायक्रोवेव्ह एकदम लावू नका. इन्व्हर्टर २००० वॅटचा आहे, दोन्हींचे मिळून २७०० होतात. तेव्हा कोकलला तर यावेळी चूक आमची नसेल.